जोकीनबायची कळशी

फार वर्षांपूर्वी, इतक्या की तेव्हा आपल्या मानखेतच्या चर्चवर कौलंसुद्धा नव्हती, गावात जोकीनबाय नावाची एक विधवा राहायची. तिचा छोटा पानमळा होता, आणि कडेला बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, जे बुजवून तुम्ही आता बंगले बांधलेत. मळ्यातल्या पानवेली तिच्या नवऱ्याने, पेद्रूने, लावलेल्या. तो गेल्यावर त्याच तिला पोसत होत्या.

गावचा नेम होता, सकाळी भरलेली पहिली कळशी घरात न्यायची नाही. ती वेशीवरच्या क्रुसाखाली ठेवायची, वाटसरूंसाठी. तहानलेल्याला पाणी द्या, ही देवाची आज्ञा. सगळे पाळायचे. कुणी नरकाच्या भीतीने, कुणी स्वर्गात बरी जागा मिळावी म्हणून. खोटं कशाला बोलू?

मग पाऊस रुसला. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं. असं म्हणतात की तेव्हा पाखरं आकाशातच झोपायची, उतरायला हिरवी फांदी नव्हती. जोकीनबायच्या बावखलात दिवसाला दोनच कळश्या पाणी झिरपायचं.

फादरना लोकांची दया आली. रविवारच्या मिस्सेत ते म्हणाले, "यंदा पहिल्या कळशीची माफी. नाही ठेवलीत तरी पाप नाही."

सोमवारी क्रुसाखाली एकच कळशी होती, जोकीनबायची. दुसरी तिला प्यायला-रांधायला लागायची. वेलींना काहीच उरेना. रोज एक वेल मान टाकायची आणि जोकीनबाय तिच्यापाशी बसून रडायची. पेद्रू पुन्हा पुन्हा मरतोय असं तिला वाटायचं. पण सकाळी पाय क्रुसाकडेच वळायचे.

शेवटची वेल उरली तेव्हा फादर स्वतः मळ्यात आले.

"जोकीन, माफी दिली ना मी? ते पाणी वेलीला घाल."

"फादर, मी एवढीशी होते. परगावाहून येताना माझी आई याच क्रुसाखाली पोचता पोचता तहानेने गेली. मी वाचले ते कुणीतरी ठेवलेल्या पाण्यावर. आणि ते ठेवायला सांगणारा वर क्रुसावर होता, स्वतः तहानलेला. तेव्हापासून माझा जीव जडलाय त्याच्यावर. जीव जडला त्याची माफी तुम्ही कशी देणार?"

फादर आल्या वाटेने परतले.

तीही वेल वाळली. इथे चमत्कार झाला असता तर मलाही बरं वाटलं असतं, पण नाही झाला. मात्र वाटसरू ओंजळीने पाणी प्यायचे, आणि बोटांतून गळलेले थेंब क्रुसाच्या पायथ्याशी मुरायचे. असं म्हणतात, एका सकाळी तिथे एक पानवेल दिसली. कुणी लावली नव्हती. दुपारपर्यंत ती क्रुसाच्या आडव्या हातांवर चढली. भर उन्हात तिची पानं ओली होती. जोकीनबायने एक पान हुंगलं. पेद्रूच्या मळ्याचाच वास होता तो.

ती वेल अजून आहे. तिचं पान कुणी विकत नाही. आता घरोघरी नळ आलेत, वाटसरू गाड्यांतून जातात. तरी दरवर्षी तिच्या आठवणीला पाळतात त्या जोकीनबायच्या रविवारी फादर वेदीवरून तेच सांगतात, पहिल्या कळशीची माफी आहे, नाही ठेवलीत तरी पाप नाही. लोक मान डोलावून ऐकून घेतात.

आणि सोमवारी उजाडताना बघा, क्रुसापासून थेट चर्चच्या दारापर्यंत भरलेल्या कळश्या मांडलेल्या असतात.