दुधीचे ठोके

"...मग खरं कुणाचं मानायचं, तेवढं सांगा ना स्वामीजी! मनगटाचं, की छातीचं?"

चनबसप्पा उंबरजे टेकडीवरच्या मठाच्या ओट्यापाशी धापा टाकत उभे होते. डाव्या मनगटावर काळा पट्टा. शर्टाच्या आत छातीला आवळलेला दुसरा पट्टा. दोन्हींचे आकडे हातातल्या मोबाइलवर. मनगट म्हणत होतं शंभर. छाती म्हणत होती एकशे बेचाळीस.

सिद्धय्या स्वामी स्वयंपाकघराच्या दारात बसून दुधी सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस," ते म्हणाले.

"बसायला नाही आलो. विचारायला आलोय."

"मग उभा राहा."

शेठजी बसले नाहीतच. बार्शीच्या बाजारात त्यांची डाळीची गिरणी. माल हातात घेतला, दोन दाणे दाताखाली चावले, की भाव सांगायचे, आणि तो भाव सहसा कुणी मोडायचं नाही. अशा माणसाच्या हृदयाच्या नळीत गेल्या वर्षी जाळी बसवावी लागली. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं ते सोपं. रोज चाला, टेकडी चढा. पण ठोके एकशे वीसच्या वर गेले की असाल तिथं खाली बसा.

सोपंच होतं. फक्त ठोके मोजणारं यंत्र तेवढं घ्यायचं होतं.

आणि शेठजींचा थोरला भाऊ गिरणीच्या जिन्यात, चढता चढता, कठड्याला धरूनच गेला होता. ही गोष्ट शेठजी कुणाकडे काढत नसत. यंत्रांची मात्र गावभर काढत.

"आतापर्यंत चार घेतली," ते म्हणाले. "दोन परत केली."

"का?"

"खोटी होती."

"कशावरून?"

"अहो, एकशे चाळीस, एकशे पंचेचाळीस दाखवायची! मी चांगला धडधाकट चढतोय, आणि हे म्हणतंय बसा. दुकानदाराच्या तोंडावर फेकली. मुकाट्यानं बदलून दिली त्यानं. म्हणाला, शेठजी, तुम्ही म्हणताय म्हणजे मालातच खोट असणार."

"आणि हे मनगटावरचं?"

"हे चांगलं आहे. कधी एकशे पाचच्या वर जात नाही."

"मग अडलं कुठं?"

शेठजी चिडले. "अडलं कुठं? सून म्हणाली छातीचा पट्टा जास्त भरवशाचा असतो, म्हणून तो मागवला. आता हे दोघं माझ्या अंगावर बसून भांडताहेत! मी कुणाचं ऐकू?"

स्वामींनी दुधी फिरवून दुसऱ्या बाजूने सोलायला घेतला...

शेठजींचा धीर सुटला. "इलाही!" त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. इलाही पाण्याची कळशी खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होता. वर येणाऱ्यानं खालच्या टाक्यातून एक कळशी भरून आणायची, ही मठाची रीत. शेठजींच्या वाटणीची कळशी वर्षभर इलाहीच आणत असे. "सांग स्वामीजींना. मी दमतो का चढताना?"

इलाहीने शेठजींचा लालबुंद चेहरा पाहिला. गळ्यावरून ओघळणारा घाम पाहिला.

"न्हाय जी," तो म्हणाला. "शेठजी कुठं दमत्यात?"

स्वामी हसले. हात पुढे करून म्हणाले, "तुझं ते चांगलं यंत्र दे जरा."

शेठजींनी मनगटाचा पट्टा काढून दिला. स्वामींनी तो सोललेल्या दुधीला गुंडाळला, नीट आवळला आणि दुधी मांडीवर आडवा ठेवला. पट्ट्याच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकला. थोडा वेळ काही नाही...

मग आकडा उमटला. शहाण्णव.

इलाहीने कळशी खाली ठेवली आणि तोंडावर उपरणं धरलं.

"तब्येत छान आहे याची," स्वामी म्हणाले. "भाजी करू, की चढायला नेतोस?"

"थट्टा करू नका, स्वामीजी!" शेठजींचा आवाज चढला. "मी जिवाचं विचारतोय."

"मग जिवाचं बोल. बाजारात काट्याबद्दल शंका आली तर काय करतोस? दुसरा काटा आणून त्याच्याशी ताडतोस?"

"छे! दुसरा पण खोटा असला तर? शिक्क्याचं वजन टाकतो. सरकारी. ते वजन जे सांगेल ते खरं."

"मग इथं टाक की."

"इथं कुठलं आलंय वजन?"

स्वामींनी सुरी खाली ठेवली. आपल्या उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, टेकवली. आणि शेठजींकडे पाहत राहिले.

शेठजींनी आपला हात पाहिला. बोटं उचलली... आणि खिशात घातली.

"ते नर्सचं काम," ते म्हणाले.

"तुझंच आहे. पण आधी तो छातीचा पट्टा दाखव."

शेठजींनी कुरकुरत शर्टाची बटणं काढली. पट्टा बनियनवरून बांधला होता, आणि कोरडा ठणठणीत.

"हा कातडीला लावायचा असतो ना?"

"चारचौघांत उघडं व्हायचं? आणि तो गार लागतो."

स्वामींनी कळशीत बोटं बुडवून पट्ट्याची आतली बाजू ओली केली, शेठजींना बनियन वर करायला लावलं, आणि पट्टा उघड्या छातीवर बसवला. मनगटाचा पट्टा दुधीवरून सोडवून परत मनगटावर बांधला. मग कळशी शेठजींच्या हातात दिली.

"खालच्या वळणापर्यंत जा आणि वर ये. सावकाश. छातीत कळ आली तर कळशी सोडून दे, पाण्याची काळजी करू नकोस."

"मी? कळशी घेऊन?"

"इलाहीला जाळी बसवलीय का?"

शेठजी गेले. संतापातच गेले. वळणावरून परतताना त्यांनी कळशी हिसडून या हातातून त्या हातात घेतली, मूठ आवळली, ओठ आवळले. ओट्याशी आले तेव्हा निम्मं पाणी धोतरावर होतं. इलाही पुढे धावला, त्याला त्यांनी डोळ्यांनीच थोपवलं.

स्वामी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे होते. "बोटं ठेव. मी म्हणेन तेव्हा सुरू कर. पंधरा सेकंद."

"यंत्र सांगतंयच की..."

"बोटं."

शेठजींनी बोटं ठेवली. पहिल्यांदा नाडी सापडली नाही. मग सापडली, आणि त्यांचा हात असा दचकला की जणू आतून कुणीतरी बोट धरलं. वर्षभरात त्यांनी तिथं हात लावला नव्हता.

"मोज."

शेठजींचे ओठ हलू लागले. इलाही श्वास रोखून उभा...

"थांब. किती?"

"पस्तीस." आणि हिशेब तर त्यांच्या जिभेवरच होता. "पस्तीस चोक... एकशे चाळीस."

स्वामींनी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. छाती : एकशे एक्केचाळीस. मनगट : एकशे दोन.

शेठजी त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. वर्षभर रोज सकाळी ते ही टेकडी चढत होते. एकशे दोनच्या भरवशावर. वळणावर थांबत नव्हते, बसत नव्हते, उलट बसलेल्यांना हिणवत पुढे जात होते.

"पट्टा ओला केला म्हणून वाढलं असेल," ते म्हणाले.

स्वामी गप्प.

"कळशी जड होती."

स्वामी गप्प.

"अहो, बोलत का नाही तुम्ही? एवढा चढून येतो, साधं एक विचारतो, आणि तुम्ही कधी दुधी, कधी कळशी!" शेठजींनी छातीचा पट्टा ओरबाडून काढला आणि सालींच्या ढिगात भिरकावला. "पुण्याहून मागवतो! परदेशी मागवतो! याच्या चौपट किमतीचं!"

आणि एवढं बोलून ते ओट्यावर मटकन बसले. हात आपोआप ओट्याच्या कठड्याकडे गेला, आणि कठडा हाताला लागताच त्यांनी झटकन हात मागे घेतला.

"दादा असाच..." ते म्हणाले.

इलाहीने मान वळवली.

बाजारात कुणी कधी ऐकला नसेल अशा बारीक आवाजात, शेठजींनी विचारलं, "कोणतं ठेवू, स्वामीजी?"

स्वामींनी सालींमधून तो पट्टा उचलला. पाण्याने धुतला, उपरण्याला पुसला आणि शेठजींच्या मांडीवर ठेवला.

"हे ठेव. हे तुला घाबरत नाही."