चार बोटं रिकामी

"म्हणजे पुन्हा भूकंपाचा धक्का बसला तरी बांध टिकेल?" दामोदरबुवांनी विचारलं.

"टिकणारच, बुवा. पोटातली वाळू घट्ट आहे. प्रयोगशाळेनं तपासलीय."

अहवालावर सही वैजनाथची होती, आणि तिचा त्याला कोण अभिमान! बुवा एकेकाळी धरणांवर मातीचे मुकादम. माती चिमटीत चोळून ओळखायला तो त्यांच्याच हाताखाली शिकला. आता ते या मातीच्या बांधाच्या टोकाला, म्हसोबाच्या देवळात एकटेच राहत. साहेब झालेला चेला गुरूला अहवाल दाखवायला मुद्दाम आला होता.

बांधाच्या पायथ्याशी कोंडेवस्ती. गेल्या महिन्यात जमीन हादरली तशी चाळीस कुटुंबं टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. आज त्या सहीच्या भरवशावर माणसं हंडे-गाठोडी घेऊन परत उतरत होती.

बुवांनी अहवालाला हातही लावला नाही.

"नमुन्याची एखादी नळी राखून ठेवलीस?"

वैजनाथनं पिशवीतून वाळूची नळी काढली. बुवांनी झाकण फिरवलं. तोंडाशी कापसाचा बोळा होता. तो उपसून त्यांनी बोट आत घातलं... ते मुळापर्यंत गेलं तेव्हा कुठे वाळू लागली.

"बांधातून काढलीस तेव्हा किती भरली होती?"

"काठोकाठ."

"मग?"

"जीपमधून नेल्या, बुवा. रस्त्यात खड्डे फार. शहरात पोचेपर्यंत सगळ्या नळ्यांतली वाळू चार-चार बोटं खाली बसली. आत हलू नये म्हणून मी बोळे..."

तो बोलता बोलता थांबला.

तपासली गेली ती खड्ड्यांनी बसवून घट्ट केलेली वाळू. बांधातली अजून भुसभुशीतच होती, आणि पाण्यानं भरलेली. हादरा बसला की ती दबायला बघणार, मधल्या पाण्याला वाट मिळणार नाही, आणि अख्ख्या बांधाची पेज होऊन वस्तीवर उतरणार.

खाली कुणीतरी चूल पेटवली होती. धूर वर येत होता.

"बुवा... सही माझी आहे. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्यापुढे?"

बुवांनी धुराकडे बोट दाखवलं. मग त्यांनी तो बोळा वैजनाथच्या तळहातावर ठेवला.

"खाली पळ," ते म्हणाले. "आणि हा आता स्वतःच्या तोंडात कोंबू नकोस."