नुसते चिमटे

“...पण मी बिघडवलं तरी काय, गुरुजी?”

गुरव गुरुजी वेंगुर्ल्याला आपल्या घराच्या पडवीत बसले होते. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेले हात आता मांडीवर विसावले होते. समोर विश्राम परब, त्यांचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी. विशेष मुलांच्या एका शाळेत तो कलाशिक्षक होता.

“नीट सांग.”

“मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. सत्तर चित्रं. लोक थांबून थांबून बघत होते. केतकी म्हणून एक मुलगी आहे, तेरा वर्षांची. स्वमग्न. बोलत नाही. तिने कपडे वाळत घालायची दोरी काढली होती. दोरीवर नुसते चिमटे. प्रत्येकाचा रंग वेगळा. एकाची तार गंजलेली, तीसुद्धा दिसत होती.”

“आणि कपडे?”

“नव्हते.”

विश्राम थांबला.

“लोकांना अर्धवट वाटेल, तिला हसतील, असं वाटलं मला. दोन साड्या आणि एक सदरा मी रंगवला. अगदी तिच्याच हातचा वाटेल असा.”

“मग?”

“उद्घाटनाला ती आईबरोबर आली. त्या चित्रासमोर उभी राहिली. खाली तिचं नाव होतं... आणि ती पुढे गेली. सगळं दालन फिरली. फळ्यांच्या मागे वाकून बघितलं. आई दाखवत होती, हे बघ, हे तुझं. ती शोधतच राहिली.”

गुरुजींनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

“तीन आठवडे झाले. हातात ब्रश दिला की खाली ठेवते. मी ते कपडे खरवडून काढायला गेलो... चिमटेही निघाले.”



“तुझं होडीचं चित्र आहे अजून?” गुरुजींनी विचारलं.

“शाळेत असताना जिल्ह्यात पहिलं आलेलं? बाहेरच्या खोलीत लावलंय.”

“होडीत कोण आहे?”

“एक म्हातारा. पाठमोरा.”

“तू काढलास?”

“हो. म्हणजे...”

विश्रामचा हात आपोआप वर उचलला गेला. त्या पाठमोऱ्या खांद्याची रेघ तो हवेत ओढू लागला. ती त्याच्या हाताला सापडेना. त्याने पुन्हा ओढून बघितली. मग हात खाली घेतला.

“तुझी होडी रिकामी होती,” गुरुजी म्हणाले. “परीक्षकांना अपुरी वाटेल, म्हणून चित्र पाठवायच्या आदल्या दिवशी मी त्यात म्हातारा बसवला.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारशील म्हणून थांबलो होतो. मग वर्षं गेली...”

गुरुजींनी नजर खाली घेतली.

“ती पोर आपलं चित्र शोधत फिरली, विश्राम. तू बक्षीस घेऊन आलास.”