बारवेतली हाक

खूप खूप जुनी गोष्ट. एका नगराच्या ऐन मध्यात एक गल्ली होती. घरांना घरं इतकी चिकटलेली, की भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागे. गल्लीच्या टोकाला एक जुनी बारव होती. तिच्या पायऱ्या खाली काळ्या पाण्यात उतरत, आणि शेवटची पायरी कुणीच पाहिली नव्हती.

तिन्हीसांजेला त्या पाण्यातून हाक येई. गल्लीतल्या तरुण पोरांना कुणीतरी हळूच नावाने बोलावत असे. जो ओ देई तो पायऱ्या उतरून जाई आणि परत येत नसे.

त्याच गल्लीत एक बाई दोर वळून पोट भरत असे. तिचा धाकटा भाऊ त्या हाकेला ओ देऊन गेला, तेव्हापासून त्याचा मुलगा भिवा तिनेच वाढवला. पण तिची माया एकट्या भाच्यावर संपणारी नव्हती. गल्लीतल्या रिकामटेकड्या पोरांना ती आपल्या ओट्यावर बसवी, दोर वळायला शिकवी, भांडली तर कान पिळी. सगळी तिला आत्याच म्हणत.

दिवेलागणीला ती उंबऱ्यात उभी राहून एकेकाला विचारी, "जेवलास का रे?" बारवेला सगळ्यांची नावं ठाऊक होती, पण ही विचारपूस तिला कधी जमली नाही. म्हणून पोरांनी रीतच पाडली होती, नुसत्या नावाला ओ द्यायची नाही.

ही कीर्ती राजाच्या कानावर गेली. राजा मनाचा चांगला, पण त्याला समारंभांची भारी हौस. त्याने सत्कारासाठी आत्याला राजवाड्यात बोलावलं. गल्लीतली थोरली माणसंही नटूनथटून टाळ्या वाजवायला गेली. पोरं तेवढी मागे राहिली.

प्रधानजी एकदा बोलायला उभे राहिले की त्यांना खाली बसायचं भान नसे. उन्हं उतरली तशी आत्या चुळबुळ करू लागली. पोरांना हाक मारायची वेळ झाली, असं तिने सांगून पाहिलं. आज एक दिवस राहू द्या, आज तुमचा मान आहे, असं म्हणून सगळ्यांनी तिला पुन्हा बसवलं. तीही भिडेखातर बसली.

अंगावर शाल पडली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. शाल तिथेच टाकून आत्या धावत सुटली. तिच्या मागे गल्ली, आणि गल्लीच्या मागे शाल घेऊन अनवाणी राजा.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी पोरं बारवेच्या पायऱ्यांवर होती. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. डोळे उघडे ठेवून ती शांतपणे खाली उतरत होती. आज कुणीच विचारलं नव्हतं, आणि अशा वेळी नुसतं नावही गोड लागतं. सगळ्यांत पुढे भिवा होता. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं.

आत्याने तोंड उघडलं. धावून धावून तिला धाप लागली होती, आवाज फुटेना. तिने मागे वळून माणसांकडे पाहिलं.

मग एका काकाने चाचरत आपल्या पुतण्याला हाक मारली, जेवलास का म्हणून विचारलं. एका मामाने विचारलं, एका मावशीने विचारलं. कुणाच्याच तोंडाला सवय नव्हती. एकेक पोर थबकलं, वळलं आणि वर आलं.

भिवाला मात्र आत्यावाचून कुणी नव्हतं. पाणी त्याच्या छातीला लागलं.

तेव्हा राजा पायऱ्या उतरून पाण्याशी गेला. "भिवा," तो म्हणाला, "जेवलास का रे बाळा?"

भिवा वळला. "नाही," तो म्हणाला.

आणि त्याच्या पाठीमागून, खालच्या काळ्या पाण्यातून, कितीतरी बारीक आवाज एकदम म्हणाले, "नाही."

त्यातला एक आवाज आत्याने ओळखला. ती तिथेच पायरीवर बसली आणि रडली. राजाने तिच्या शालीत ओल्या भिवाला गुंडाळलं.

तेव्हापासून त्या गल्लीत दिवेलागणीला घरोघरी कुणी ना कुणी उंबऱ्यात उभं राहतं. दरवर्षी आत्याच्या मानाच्या दिवशी तिच्या उंबऱ्यात राजा स्वतः उभा राही. बारवेच्या पायरीवर रोज भाकरीची थाळी ठेवतात. सकाळी ती रिकामी असते. बारवेने पुन्हा कुणाचं नाव घेतलं नाही.

तात्पर्य: पोरांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसाचा खरा मान करायचा, तर त्याचं काम आपणही उचलावं.