सारंगांच्या घरचा आग्रह

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक गाव होतं. त्या गावात एक भोळा गृहस्थ होता. नाव परशुराम सारंग, पण अख्खा गाव त्याला पर्शू म्हणायचा. वय चाळीस, मिशा भरघोस, मन लोण्याचं. डोक्याविषयी पुढे कळेलच.

पर्शूचे पूर्वज गलबतं बांधायचे. त्यांनी बांधलेलं घर अजून उभं होतं, दोनशे वर्षांचं. माजघराच्या मधोमध जो खांब होता ना, ती एका जुन्या गलबताची डोलकाठी होती. गलबत मोडलं, काठी घरात आली आणि घराला टेकू देत उभी राहिली. लांबलांबची माणसं ती बघायला यायची, हात लावायची, फोटो काढून निघून जायची.

त्या घरात पर्शू आणि त्याची थोरली बहीण कुंदाताई अशी दोघंच राहायची. ताई हुशार, खमकी, हाताला चव असलेली. पण घर काही सगळं त्यांचं नव्हतं. अर्धं त्यांचं, अर्धं मुंबईच्या आबाकाकांचं. आणि एक दिवस आबाकाकांचा फोन आला.

"कुंदे, एक हॉटेलवाला मागे लागलाय. पाडून नवं बांधतो म्हणतो. देऊन टाकू का?"

ताईच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"आबाकाका, पाडू नका हो. मी घरात पाहुणे ठेवते. राहायला खोली, सकाळी न्याहारी. घर आपल्या पायावर उभं राहील. मला एक संधी द्या."

काका म्हणाले, "बरं. एक हंगाम बघतो. वैशाखात येईन. पाहुणे खूश दिसले तर माझा वाटा तुमच्या नावावर करीन. नाही दिसले तर हॉटेलवाल्याला होकार."

ताईनं फाटकावर पाटी लावली, 'सारंग निवास व न्याहारी'. माजघरातल्या पेटाऱ्यावर एक कोरी वही ठेवली. पाहुण्यांनी जाताना तिच्यात दोन शब्द लिहायचे.

"पर्शू, नीट ऐक," ताई म्हणाली. "काका येतील ते ही वही वाचतील. आपलं घर आता ह्या वहीत आहे. मी स्वयंपाकघर बघते, तू पाहुणे बघ. काही अवघड नाही. पाहुण्याला घरच्यासारखं वागवायचं, बस्स."

पर्शूनं मान डोलावली. एकदा ऐकलेलं तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तिथेच होती.

पहिले पाहुणे आले डोंबिवलीचे फाटक नवराबायको. बिचारे आराम करायला आले होते. पहाटे पाच वाजता दारावर थापा पडल्या.

"उठा! एवढं उजाडेपर्यंत लोळायचं असतं का?"

फाटक धडपडत बाहेर आले. पर्शूनं त्यांच्या हातात कळशी दिली आणि माडांना पाणी घालायला पाठवलं. बाईंना ओसरीवर बसवलं आणि पुढ्यात सुपाऱ्यांची रास ओतली. सोला म्हणाला. फाटकांनी चौथ्या माडापाशी कंबर धरली तेव्हा पर्शू त्यांना चक्क ओरडला, "जेवायला बरे पुढे असता!"

तेवढ्यात ताई आली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अरे मेल्या, काय चालवलंयस हे?"

"घरच्यासारखं वागवतोय. घरचे काय करतात गो? शिंपणं करतात, सुपारी सोलतात, माझ्यासारखा असला तर बोलणी खातात."

आता ह्यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

फाटक निघाले. जाताना दोघं वहीवर वाकून लिहीत बसली. लिहिताना दोघांचे खांदे हलत होते. रागानं थरथरताहेत बिचारी, असं ताईला वाटलं. तिला वही उघडून बघायचा काही धीर झाला नाही.

"पर्शू, पाहुण्याला काही म्हणजे काही करू द्यायचं नाही," ती म्हणाली. "सगळं आपण करायचं. कळलं?"

पर्शूनं मान डोलावली.

मग आले अलिबागचे निवृत्त हेडमास्तर, गुरव सर. शिस्तीचे, ताठ कण्याचे. सकाळी सरांनी ब्रश हातात घेतला. पर्शूनं तो काढून घेतला.

"सर, तुम्ही कशाला? आ करा."

सरांनी आयुष्यात हजार पोरांना आ करायला लावलं असेल. स्वतः पहिल्यांदाच केला. पर्शूनं त्यांचे दात घासले. न्याहारीला घावन चटणीत बुडवून घासघास भरवलं. पेपर स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी भाड्यानं देणे आहे इथपर्यंत. न्हाणीघरात सर गडबडीनं आत गेले आणि आतून कडी घातली म्हणून वाचले.

दुपारी सरांचे डोळे मिटायला लागले. ते खोलीकडे निघाले.

"कुठे सर?"

"जरा पडतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना."

आणि पर्शू सरांच्या पलंगावर आडवा झाला. दोन मिनिटांत घोरायला लागला. सर चहाच्या वेळेपर्यंत ओसरीवर जांभया देत बसले होते. चार वाजता पर्शू डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "सर, झोप मस्त झाली तुमची."

सरांनीही वहीत लिहिलं. पान भरलं, उलटून पुढचं घेतलं. त्यांचा चष्मा मध्येच नाकावरून घसरला, एवढे खांदे हलत होते. ताई दाराआडून बघत होती.

"पर्शू, हात जोडते तुला. पाहुण्याच्या खोलीकडे फिरकू नकोस. त्यांनी हाक मारली तर जा. नाही मारली तर जाऊ नकोस. एवढं तरी जमेल का?"

न जमायला काय झालं? पर्शूनं मान डोलावली.

पुण्याहून चित्रं काढणाऱ्या मैथिलीबाई आल्या. चार दिवस राहिल्या, तीन चित्रं काढली. एक समुद्राचं, एक देवळाचं, एक घराचं. पाचव्या दिवशी चित्रं पलंगावर मांडून त्या आंघोळीला गेल्या. दार राहिलं उघडं. आणि त्यांच्या खोलीत शिरली घरची बकरी, रंभी.

पर्शू अंगणात होता. खिडकीतून त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. रंभीनं आधी समुद्र खाल्ला. मग देऊळ खाल्लं, कळसापासून सुरुवात करून. पर्शूनं कान टवकारले. हाक काही आली नाही. रंभी घराकडे वळली आणि तिनं ओसरी संपवली तेव्हा ताईची किंकाळी ऐकू आली.

"अरे, डोळे फुटले होते का तुझे?"

"नाही गो, सगळं दिसलं. पण बाईंनी हाक मारली नाही."

"त्या न्हाणीघरात होत्या!"

"तरीच," पर्शू म्हणाला.

ताईनं चित्राचा उरलेला तुकडा उचलला. त्यात फक्त उघड्या दारातून दिसणारी डोलकाठी शिल्लक होती. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे, निदान बाईंना विचारायचं तरी! पाहुण्याला विचारावं, तो म्हणेल तसं करावं. त्याचा शब्द शेवटचा."

पर्शूनं मान डोलावली. मैथिलीबाईंनी वहीत शब्द थोडे लिहिले. बकरीचं चित्र मात्र मोठं काढलं.

चैत्र आला. सांगलीचे पाटणकर आले, चौघंजण. ताईनं ठरवलं, ह्यांना असं खाऊ घालीन की मागचं सगळं धुऊन निघेल. पहाटे उठून तिनं खापरोळ्या केल्या, जाड घावनांसारख्या, जाळीदार, सोनेरी. नारळाचा रस काढला, गूळ घातला, वेलची घातली. घरभर वास सुटला. पाटणकर मंडळी रांगेत बसली. पर्शू भांडं घेऊन आला आणि ताईनं शिकवल्याप्रमाणे त्यानं अदबीनं विचारलं, "वाढू का?"

पाटणकर चांगल्या घरचे होते. त्यांनी चांगल्या घरच्या माणसासारखं म्हटलं, "नको नको, राहू द्या."

"बरं," असं म्हणून पर्शू पुढे गेला.

पाटणकरीण बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही, वहिनी?" पर्शूनं विचारलं. आता नवऱ्यानं नको म्हटल्यावर एकदम हो कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, "नको हो, कशाला एवढं." मग सासूबाईही नको म्हणाल्या. सासरे तर म्हणाले, "छे छे, पोट अगदी भरलंय." त्यांनी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

पर्शूनं चारही ताटं उचलली. खापरोळ्या रंभीला घातल्या. तिला विचारलं तेव्हा ती काही नको म्हणाली नाही.

पाटणकर मंडळी एसटी स्टँडवर बिस्किटं खाताना गावकऱ्यांना दिसली. वहीत लिहून गेली होती म्हणा, पण ताईनं आता त्या वहीकडे बघायचंच सोडलं होतं. वैशाखाला आठ दिवस राहिले होते. तिनं पर्शूला पुढ्यात बसवलं.

"माझ्या राजा, आता शेवटचं सांगते. काका येणार आहेत. माणूस नको म्हणतो ते मनापासून नसतं रे. संकोच असतो. नको म्हणाला की दुसऱ्यांदा वाढायचं. पुन्हा नको म्हणाला की तिसऱ्यांदा वाढायचं. हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं वाढायचं. तरी ऐकेना, तर आपली शपथ घालायची. पण सोडायचं नाही! सारंगांच्या घरातून आजवर कोणी रिकाम्या हातानं गेलेलं नाही."

पर्शूनं मान डोलावली. ह्या वेळी दोनदा.

वैशाखात आबाकाका आले. डोक्यावर टोपी, काखेत चामडी पिशवी. जेवायला बसले. ताईचा जीव टांगणीला लागलेला. पर्शू वाढायला आला.

"पुरे रे," काका म्हणाले.

"असं कसं काका? एक घ्याच."

"अरे नको."

"माझी शपथ आहे तुम्हाला."

काकांनी घेतलं. पुन्हा घेतलं. हात आडवा धरला तेव्हा पर्शूनं बाजूनं अलगद सरकवलं. काका सात खापरोळ्या जेवले आणि खूश होऊन ढेकर दिला. शिकलं गो बाई माझं येडं, ताई मनात म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. सांगितलेली गोष्ट चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बरोबर जागी पडली होती.

मग काका म्हणाले, "आता ती वही आण."

ताईनं वही आणून काकांपुढे ठेवली. "मी जरा विहिरीवर जाऊन येते," असं पुटपुटत ती मागच्या दारानं निघून गेली. समोर थांबून ऐकायची तिची छाती नव्हती.

काकांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. काकांचे खांदे हलायला लागले. मग ते मोठ्यानं हसले, आणि हसता हसता डोलकाठीला टेकले.

फाटकांनी लिहिलं होतं, वडील गेल्यापासून आम्हाला कोणी असं ओरडलं नव्हतं, दिवाळीत परत येतो, सुपाऱ्या राखून ठेवा. गुरव सरांनी लिहिलं होतं, इतका मी आयुष्यात हसलो नाही, झोप मात्र पुढच्या खेपेला स्वतः काढीन. मैथिलीबाईंनी बकरीखाली लिहिलं होतं, माझ्या चित्रांना एवढी दाद कुणी दिली नव्हती. आणि पाटणकरांनी लिहिलं होतं, वास अजून नाकात आहे, खापरोळ्या खायला पुन्हा येणार, ह्या वेळी पहिल्याच फटक्याला हो म्हणू.

काकांनी डोळे पुसले. पिशवीतून एक कागद काढला.

"पर्शू, हे हक्कसोडपत्र. घर चाललं नसतं तर फाडणार होतो. पण घर चाललंय रे! माझा अर्धा वाटा आता तुम्हा भावंडांचा. हे घे. मला काही नको."

पर्शू थबकला. पाहुणा नको म्हणाला होता.

"असं कसं काका?" त्यानं कागद परत काकांच्या हातात ठेवला. "तुम्हीच घ्या."

"अरे, मी मनापासून सांगतोय. नको मला."

"संकोच करू नका. आपलंच घर आहे."

"नको रे बाबा!" काकांनी हात आडवा धरला.

पर्शूनं हाताच्या बाजूनं कागद अलगद त्यांच्या खिशात सरकवला. "माझी शपथ आहे काका."

काका बघतच राहिले. "अरे, मुंबईत मला घोटभर चहाचा आग्रह कोणी करत नाही. आणि तू मला अख्खं... बरं, तुझी शपथ मोडत नाही. ठेवून घेतो माझा वाटा."

पण एका वाढण्यावर थांबेल तर तो पर्शू कसला!

"आता आमचाही घ्या. एवढुसा तर आहे."

"अरे, पोट फुटेल माझं!"

"ताईची शपथ."

काकांनी हात टेकले. पर्शूनं वहीच्या कोऱ्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, आमचा अर्धा वाटा काकांना वाढला, खाली सही केली, पान फाडलं आणि काकांच्या दुसऱ्या खिशात सारलं.

एवढ्यात मागच्या दारातून ताई आली. काका हसताहेत, डोळ्यांत पाणी आहे, वही उघडी पडली आहे. ताईच्या काळजावरचा दगड उतरला.

"काका, आवडलं ना हो? मग तो वाट्याचा कागद?"

काकांनी नुसतं पर्शूकडे बोट दाखवलं. पर्शूची छाती दोन वीत फुगली होती.

"गो ताई, काका नकोच म्हणत होते! तीनदा म्हणाले, हातसुद्धा आडवा धरला. पण मी सोडतोय होय? त्यांचा वाटा वाढला, वर आपलाही वाढला. डोलकाठीसकट सगळं घर त्यांच्या खिशात घातलं. सारंगांच्या घरातून कोणी रिकाम्या हातानं जायचं नाही, तूच म्हणालीस ना?"