माशांवरचे मोती

शंखवती नगरीत अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने मीठ विकणाऱ्या एका घरात जन्म घेतला होता. नगरातले लोक त्याला मीठशेठ म्हणत. राजवाड्याच्या मुदपाकखान्याला मीठ तोच पुरवी.

राजाच्या सभागृहात एक दगडी कुंड होते. त्याच्या एका बाजूला स्फटिकाची फळी बसवलेली होती आणि तिच्यातून आतले लाल परांचे मासे दिसत. कुंडाची देखभाल सोमदासी नावाची विधवा तीस वर्षे करीत आली होती. त्या राज्यात एक रीत होती. मांडलिक राजाचा दूत आला की तो आपल्या तळ्यातले मासे घड्यातून आणी आणि भर सभेत, पाण्यासकट, राजाच्या कुंडात ओती. पाणी पाण्यात मिसळले म्हणजे मैत्री झाली, असे समजत. या रीतीला जलमैत्री म्हणत.

एका हिवाळ्यात उत्तरेकडून दूत आला. सोमदासीने घड्यात डोकावून पाहिले. एका माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे तीन पांढरे ठिपके होते. ती म्हणाली, "महाराज, हे पाहुणे तीन आठवडे माझ्याकडच्या वेगळ्या घड्यात राहू द्यावेत. मग ओतू."

राजवैद्य भद्रसाल हसला. "म्हातारे, मग दूतालाही तीन आठवडे वेशीबाहेर उभा करतेस का?"

सभा खदखदून हसली. घडा ओतला गेला.

आठ दिवसांत कुंडातल्या एकूण एक माशाच्या अंगावर पांढरे कण उठले. मासे दगडांवर अंग घासू लागले, खाणे सोडून पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. हे सगळे स्फटिकातून लहान मुलालाही दिसले असते. पण राजवैद्याने भर सभेत जाहीर केले, की महाराजांच्या पुण्याईने माशांना मोती आले आहेत. लगेच भाटांनी कवने केली, राणीवशातून फुले आली आणि नगरात साखर वाटली गेली. त्या सभेत शिकलेली माणसे होती, तरवारी बांधलेली माणसे होती. मोती आलेला मासा दगडावर अंग का घासतो, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही.

सोमदासीने विचारले. भद्रसाल म्हणाला, "तुझी नजर म्हातारी झाली."

त्यानंतर पाचव्या दिवशी सात मासे उलटे तरंगताना सापडले. मोत्यांचा महिमा गाणारी तोंडे त्याच सकाळी फिरली. मोती आले होते ते राजाच्या पुण्याईने, आणि मासे मेले ते मात्र सोमदासीची दृष्ट लागून, असे ठरले. राजाने आज्ञा केली, की पौर्णिमेपर्यंत आणखी एक जरी मासा मेला तरी या बाईचे मुंडण करून तिला नगराबाहेर घालवावे.

सोमदासी मीठ मागायला बोधिसत्त्वाच्या दुकानात आली आणि घडले ते तिने सांगितले. बोधिसत्त्व दुकान बंद करून तिच्याबरोबर निघाला. राजाने त्याला उपाय करण्याची परवानगी दिली, कारण दुसरा कुणी पुढे आलाच नव्हता.

त्याने आधी उपाय केला नाही, आधी पाहिले. एक आजारी मासा त्याने काळ्या मातीच्या घड्यात एकटा ठेवला. दुसऱ्या दिवशी माशाच्या अंगावरचे काही कण नाहीसे झाले होते, आणि घड्याच्या काळ्या तळाशी तेवढेच पांढरे कण चिकटलेले होते. त्याच्या पुढच्या दिवशी तळावरचे कणही फुटून रिकामे झाले, आणि माशाच्या अंगावर मात्र नवे, पूर्वीपेक्षा जास्त ठिपके उठू लागले.

"पाहिलंस, सोमे?" तो म्हणाला. "हा कण माशावर वाढतो, पिकला की गळतो, तळाशी फुटतो आणि त्याची पिलावळ पुन्हा मासा शोधत निघते. अंगावर असतो तोवर औषध त्याला पोचत नाही. पिलावळ पाण्यात मोकळी असते तेव्हाच ती मरते."

"म्हणजे वाट बघायची."

"वाट बघायची आणि रोज काम करायचं."

मग दोघे कामाला लागले. कुंडातल्या पाणवेली त्यांनी काढल्या, कारण त्यांना मीठ सोसत नाही. मीठ एकदम न घालता थोडे थोडे विरघळवून तीन दिवसांत घातले. भोवती शेगड्या ठेवून पाणी हळूहळू कोमट केले. कोमट पाण्यात माशांचा जीव गुदमरतो, म्हणून सोमदासी तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतीत राहिली. रोज सकाळी तळाची वाळू ढवळून गढूळ पाणी नळीने ओढून काढायचे आणि तेवढेच कोमट, खारवलेले पाणी भरायचे. ते गढूळ पाणी नदीत न टाकता दोघे उन्हात तापलेल्या रेतीवर ओतीत.

सहाव्या दिवशी माशांची अंगे स्वच्छ झाली. एकही ठिपका उरला नाही.

भद्रसाल धावतच सभेत आला. रोग गेला, असे त्याने जाहीर केले. आता मीठ काढावे, नदीचे गोडे पाणी भरावे आणि दूताला मानाने निरोप द्यावा. राजा आनंदला आणि बोधिसत्त्वाला म्हणाला, "शेठ, तू एवढं सभेत बोल, की मासे बरे झाले. सोमदासी या क्षणी सुटेल आणि तू आमचा जलाध्यक्ष होशील."

बोधिसत्त्वाने सोमदासीकडे पाहिले. तिचे हात शेगडीच्या धगीने काळवंडले होते. "माझ्याकडे बघून खोटं बोलू नका, शेठ," ती हळूच म्हणाली. "आज सोडतील आणि दहा दिवसांनी पुन्हा धरतील."

बोधिसत्त्व राजाला म्हणाला, "महाराज, मासे बरे झालेले नाहीत. ठिपके गेलेले नाहीत, ते तळाशी उतरलेत. आणखी बारा दिवस हेच चालू ठेवावं लागेल."

"डोळ्यांना दिसतं ते खोटं आणि हा मीठवाला खरा," भद्रसाल म्हणाला. "महाराज, निम्मे मासे मला द्या, निम्मे याला. कोण खरा ते कळेल."

"मला खरं ठरवायला मी एकाही माशाचा जीव देणार नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "हवं तर माझं डोकं घ्या. बारा दिवसांत यातला एक मासा मेला तर सोमदासीच्या आधी माझं मुंडण करा."

राजा चुळबुळला, पण त्याने बारा दिवस दिले. भद्रसालाने मात्र प्रसाद म्हणून दोन मासे मागून घेतले, आणि राजाला नाही म्हणवले नाही. घरी नेऊन त्याने ते गोड्या पाण्यात सोडले आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवले.

आठव्या दिवशी राजवैद्याच्या दाराशी बोधिसत्त्व स्वतः जाऊन उभा राहिला, कारण वैद्याच्या नोकराने बाजारात बोलून दाखवले होते की मालकांचे मासे पिठात लोळवल्यासारखे दिसतात. भद्रसाल दार उघडेना. बोधिसत्त्व बाहेरून म्हणाला, "वैद्यराज, मी कुणाला सांगायला आलो नाही. मीठ घेऊन आलोय."

दार उघडले. ते दोन्ही मासे बोधिसत्त्वाने तिथेच, वैद्याच्या अंगणात, उपचाराला लावले आणि ते जगले. पण बाजाराने ऐकले ते ऐकले, आणि बातमी राजापर्यंत गेली.

बारा दिवस झाले. कुंडातला एकही मासा मेला नाही. राजाने सभेत सोमदासीला पुढे बोलावले आणि तिला निर्दोष ठरवले.

ती म्हणाली, "महाराज, मी निर्दोष होते हे तुम्हाला आज कळलं. मासे आजारी आहेत हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मधल्या दिवसांत सात मेले. ते मोत्यांनी मेले नाहीत, या सभेच्या हसण्याने मेले."

राजाने तिथल्या तिथे रीत बदलली. पाहुणे मासे आधी तीन आठवडे सोमदासीच्या घड्यात राहतील, आणि त्यात कोणत्याही राजाचा अपमान मानला जाणार नाही. जलाध्यक्षाचे पद बोधिसत्त्वाने घेतले नाही. ते सोमदासीला मिळाले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, सांगितली ती विहारातल्या एका प्रसंगावरून. एका आजारी भिक्खूचा ताप उतरताच दुसऱ्या एका भिक्खूने त्याला बरा झालास म्हणून रुग्णकक्षातून उठवले होते आणि सेवा करणाऱ्या उपासिकेलाच वर दोष दिला होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रसाल म्हणजे आजचा हा घाईचा भिक्खू. सोमदासी म्हणजे ही उपासिका. राजा म्हणजे तुमच्यातले ते सगळे, जे ऐकत होते आणि गप्प बसले. आणि मीठ विकणारा तो मीच होतो."

खोटे बोलून जिथे दोघांचेही भले होत होते तिथेही जो खरे बोलला, त्याची ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.