पाटी शेठची, आमटी कुणाची?

"गडी तुझे, तर त्यांना शिकवायचा खर्चही तुझाच! पैसे मोज, नाहीतर खानावळीला कुलूप लाव!" त्र्यंबकशेठ चंद्रावर गरजला.

शेठची पुरणपोळी आणि कटाची आमटी राजधानीत गाजलेली. पण हल्ली तो पोळ्यांपेक्षा स्वतःचं नावच जास्त विकायचा. जागा दुसऱ्याची, भांडी दुसऱ्याची, गडी दुसऱ्याचे. वर पाटी तेवढी शेठच्या नावाची, आणि विक्रीतला चौथा हिस्सा शेठच्या घशात! तांबटाची लेक चंद्रा हिने हातातल्या पाटल्या मोडून घाटाच्या तोंडाशी अशीच एक खानावळ थाटली होती. आता शेठला शिकवणीचेही पैसे हवे होते. आणि शिकवणी तरी कसली? गड्यांनी शेठच्याच स्वयंपाकघरात पुरण वाटायचं, शेठचीच खरकटी घासायची, आणि त्याबद्दल चंद्राने शेठलाच दक्षिणा द्यायची! एवढं मागताना त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

"शेठ, पाटल्या गेल्या. आता मोडायला काही उरलं नाही," चंद्रा म्हणाली.

"मग न शिकवता शिकलेले गडी आण!" शेठ ढेरी हलवत हसला. "परवा मी राजेसाहेबांना तुझ्याकडे जेवायला आणतोय. माझं नाव कुठवर पोचलंय ते बघू देत! पान वाढता आलं नाही, तर त्याच दिवशी कुलूप!"

चंद्राने विचारलं, "पाटी मात्र तुमच्याच नावाची ना?"

"माझ्याच! चांगली मोठी कर!"

चंद्राने पाटी मोठी केली. मग गवंड्याच्या हाताखालचे दोन गडी धरून आणले आणि चुलीपुढे बसवले. शिकवलं मात्र काहीच नाही.

राजेसाहेब आले, पाटावर बसले. शेजारी शेठ, मिशीला पीळ देत. पोळी आली ती कौलाएवढी जाड. आणि आमटी? पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी, म्हणजे कट, काढून त्याची ही आमटी करतात. गड्यांना ते पाणी घाण वाटलं. त्यांनी ते मोरीत ओतलं आणि आडाच्या पाण्यात तिखटमीठ घालून उकळलं! राजेसाहेबांनी भुरका मारला आणि त्यांना असा ठसका लागला की पागोटं घसरून ताटात पडलं.

"शेठ! हीच का तुमची आमटी?"

"माझी नव्हे, महाराज! हिची!"

"दारावर माझं नाव आहे का, महाराज?" चंद्राने हात जोडून विचारलं.

राजेसाहेबांनी दाराकडे पाहिलं. "छे! त्र्यंबकशेठचंच आहे, हातभर अक्षरांत!"

बाहेर गर्दी जमली होती. कुणीतरी ओरडलं, "शेठची आमटी बिघडली हो!" शेठला दरदरून घाम फुटला.

"महाराज, या गाढवांना कुणी शिकवलंच नाही!"

"मग शिकवायचं होतं की!"

"हिने पैसे दिले नाहीत!"

तेव्हा चंद्रा पुढे झाली. "महाराज, माझ्या पाटल्या मोडून ही खानावळ थाटली. पण गडी शिकले नाहीत तर अब्रू जाते शेठची. शिकले तर चौथा हिस्सा भरतो शेठचा. बुडताना शेठ, तरतानाही शेठ! मग नेमक्या शिकवायच्या खर्चातच मी कुठून आले?"

राजेसाहेब असे हसले, असे हसले, की पाटावरून कलंडले!

"शेठ, बोला! याला उत्तर आहे?"

शेठ पाटीकडे पाहत उपरण्याने घाम पुसू लागला.

"मग ऐका! तुमच्या नावाच्या प्रत्येक खानावळीतल्या गड्यांना यापुढे तुम्ही शिकवायचं, तुमच्या पैशाने आणि तिथल्याच चुलीपाशी बसून! आणि मुली, तुझ्या पाटल्या उद्या आमचा सोनार घडवून देईल, दुप्पट वजनाच्या!"

शेठ मान खाली घालून निघू लागला.

"अहो, चाललात कुठे?" राजेसाहेबांनी आमटीची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "ही संपवून जा. तुमच्याच नावाची आहे!"